'अज्ञान' म्हणजे नक्की कोण? दातांच्या खुर्चीतलं मूल आणि संमतीचे तीन आकडे

समजा, एका शाळेत दंततपासणी शिबिर चालू आहे. चौदा वर्षांची एक मुलगी खुर्चीत बसली आहे. हिरड्यांना सूज आहे, स्केलिंग करावं लागेल. ती म्हणते, "करा." आई कामावर, वडील गावी. समोरच्या डेंटल हायजिनिस्टने काय करायचं? आणि उलट झालं तर? आईने फॉर्मवर सही केली आहे, पण मुलगी तोंड घट्ट मिटून बसली आहे. मग काय?

कोणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : अठराच्या आत असेल तर पालकांची सही घ्या. दवाखान्यातल्या रोजच्या कामासाठी हा सल्ला योग्यच आहे आणि तो मोडा असं मी अजिबात सांगत नाही. पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर पुढचा प्रश्न तुम्ही विचारायला हवा. हा अठराचा आकडा आला कुठून? तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आला होता? जुने कायदे उघडून बघितले तर एक नाही, तीन आकडे सापडतात : बारा, सोळा आणि अठरा. प्रत्येकाची जन्मकथा वेगळी आहे.

या लेखात त्या तीन कथा क्रमाने बघू. दातांचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. मोठ्या शस्त्रक्रियेत जीव वाचवण्याची घाई असते आणि त्या घाईत संमतीचा प्रश्न मागे पडतो. दात साफ करणं, सिमेंट भरणं, दाढ काढणं यांत बहुतेक वेळा तशी घाई नसते. विचारायला वेळ असतो. म्हणून कोणाला विचारलं आणि कोणाला नाही, हे इथे स्पष्ट दिसतं.

आधी शब्द बघू

मराठीत अल्पवयीन व्यक्तीला कायद्याच्या कागदांत 'अज्ञान' म्हणतात. जुना सातबारा काढून बघा. नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लिहिलेलं सापडेल. अज्ञान पालनकर्ती आई. मूल अठरा वर्षांचं झालं की ते 'सज्ञान' होतं.

आता हे दोन शब्द कायद्याचं पुस्तक बाजूला ठेवून वाचा. ज्याला कळत नाही तो अज्ञान, ज्याला कळतं तो सज्ञान. म्हणजे शब्द बोलतो समज असण्याबद्दल, आणि कायदा तो लावतो वयावर. हे दोन्ही एकच आहे असं आपण गृहीत धरतो. खुर्चीतल्या चौदा वर्षांच्या मुलीला स्केलिंग म्हणजे काय ते व्यवस्थित कळत असतं, तरी कागदावर ती 'अज्ञान'च असते. ही फट लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास या फटीभोवती फिरतो.

बारा : दंड संहितेतला दात

भारतीय दंड संहितेचा मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८३७ मध्ये तयार केला. संहिता संमत झाली १८६० मध्ये आणि लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून. तिच्या कलम ३२० मध्ये 'गंभीर दुखापत' कशाला म्हणायचं याची यादी आहे. डोळा जाणं, कान जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं वगैरे. त्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे : हाड किंवा दात मोडणं किंवा जागेवरून निखळणं.

दात! म्हणजे शब्दशः वाचायचं तर दाढ काढणारा प्रत्येक माणूस रोज 'गंभीर दुखापत' करत असतो. मग तो गुन्हेगार का ठरत नाही? कारण त्याच संहितेत अपवाद दिले आहेत. कलम ८८ म्हणतं की एखाद्याच्या भल्यासाठी, सद्भावनेने, त्याच्या संमतीने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, मात्र मृत्यू घडवण्याचा हेतू नसावा. कलम ९० सांगतं की बारा वर्षांखालच्या मुलाची संमती ही, संदर्भावरून वेगळं दिसत नसेल तर, संमतीच नव्हे. आणि कलम ८९ सांगतं की बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने, किंवा पालकाच्या संमतीने दुसऱ्याने केलेली कृती चालेल.

इथे वाचनाची एक सवय लावून घ्या. कलम वाचलं की त्याखालच्या अटीही वाचायच्या. कलम ८९ च्या अटींत म्हटलं आहे की मुलाला जाणूनबुजून गंभीर दुखापत करायला हा अपवाद लागू होत नाही. मात्र मृत्यू किंवा गंभीर दुखापत टाळण्यासाठी, अथवा गंभीर आजार वा व्यंग बरं करण्यासाठी ती केली असेल तर गोष्ट वेगळी. आता ही अट कलम ३२० मधल्या दाताशेजारी ठेवा. किडून पू झालेली दाढ काढली तर आजाराचं कारण दाखवता येईल. पण दहा वर्षांच्या मुलाचा धडधाकट दात केवळ रांग सुबक दिसावी म्हणून काढला तर? पालकांची सही आहे, तरी शब्दशः वाचलं की प्रश्न उभा राहतोच. सही असली म्हणजे सगळं आलं, असं मूळ कायदाही म्हणत नव्हता.

संहितेत कलमांखाली छोटी उदाहरणं दिलेली आहेत. कलम ८९ खाली एक बाप आहे. मुलाला मूतखडा झालाय, शस्त्रक्रियेत मूल दगावण्याची शक्यता आहे, तरी बाप मुलाच्या संमतीशिवाय ती करवून घेतो. उद्देश मुलाला बरं करण्याचा, म्हणून तो अपवादात बसतो. कलम ९२ खाली एक शल्यचिकित्सक आहे. अपघात झालेलं मूल, पालकांना विचारायला वेळ नाही, मूल गयावया करतंय, तरी तो शस्त्रक्रिया करतो. गुन्हा नाही.

या दोन्ही उदाहरणांत मुलाचा उल्लेख कसा येतो ते बघा. पहिल्यात मुलाची संमती नाही एवढंच. दुसऱ्यात मूल विनवणी करतंय. म्हणजे मसुदा लिहिणाऱ्यांना मुलाचा आवाज ऐकू येत होता. त्यांनी तो लिहूनही ठेवला. पण त्यांच्यासमोरचा प्रश्न एवढाच होता की या मोठ्या माणसाला शिक्षा करायची की नाही. बाराचा आकडा त्या प्रश्नाचा आहे.

एक सावधगिरी. मराठी वाचकाला 'संमती' आणि 'बारा' हे शब्द एकत्र दिसले की १८९१ चा संमतिवयाचा कायदा, टिळक-आगरकर वाद, मलबारी, रखमाबाई हे सगळं आठवतं. तो बारा वेगळा. त्या कायद्याने शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेलं. कलम ८९ आणि ९० मधला बारा १८६० पासूनच तिथे होता. दोन्ही आकडे एकाच संहितेत राहिले, म्हणून ते एकाच विचारातून आले असं धरून चालू नका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हीच कलमं २६, २७, २८ आणि ३० या क्रमांकांनी आहेत, गंभीर दुखापतीची यादी कलम ११६ मध्ये आहे. दात तिथेही आहे आणि बाराही तिथेच आहे.

अठरा : सावकाराच्या दारातला आकडा

मग दवाखान्यात अठरा कुठून आलं? १८७२ च्या करार कायद्याचं कलम ११ म्हणतं की करार करायला माणूस सज्ञान हवा. सज्ञान कधी, ते १८७५ च्या कायद्याने ठरवलं : अठरा पूर्ण झाल्यावर. न्यायालयाने पालक नेमला असेल तर एकवीस, अशी जोडही होती. ती १९९९ मध्ये निघाली.

या आकड्याला धार आली ती मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्याने. कलकत्त्याचा एक अल्पवयीन मुलगा, त्याने मालमत्ता गहाण ठेवून सावकाराकडून पैसे घेतले. मुलगा अल्पवयीन आहे हे सावकाराच्या माणसाला ठाऊक होतं. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की अज्ञानाचा करार मुळातच शून्य.

बघा, इथे कायदा कोणाला कोणापासून वाचवत होता? मुलाच्या इस्टेटीला सावकारापासून. अठराचा आकडा मालमत्तेच्या जगातला आहे. पण उपचार हाही डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला करार धरला जातो, फी असते, जबाबदारी असते. म्हणून दवाखान्याने सुरक्षित बाजू घेतली आणि अठरा हाच आकडा धरला. यात चूक काही नाही. पण परिणाम असा झाला की बारा ते अठरा या वयातल्या मुलांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे मोकळाच राहिला. फौजदारी कायद्याचं शब्दशः वाचन त्यांची संमती पुसून टाकत नाही. करार कायदा त्यांना करार करू देत नाही. इंग्लंडने याच वयोगटासाठी स्वतंत्र कलम लिहिलं. तिकडे येतोच.

त्याआधी आपल्याकडची एक सवय नोंदवू. आपल्याकडे सही बहुधा 'घरच्यांची' घेतली जाते, रुग्ण सज्ञान असला तरी. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला २००८ मध्ये हे स्पष्ट सांगावं लागलं की तातडीची गरज नसताना, भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीच्या वतीने आईने दिलेली संमती चालत नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईसाठी हे सांगावं लागत असेल, तर चौदा वर्षांच्या मुलीला विचारायची सवय कुठून येणार?

शाळेत गेलेला दवाखाना

आता दातांच्या स्वच्छतेच्या व्यवसायाकडे वळू, कारण हा व्यवसाय जन्मला तोच मुलांच्या शाळेत.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. त्यांनी १९०६ मध्ये आपली सहायक आयरीन न्यूमन हिला दात साफ करण्याचं शिक्षण दिलं. १९१३ मध्ये त्यांनी यासाठी शाळाच काढली. तिथून शिकून निघालेल्या बायका ब्रिजपोर्टच्या शाळांत मुलांचे दात साफ करू लागल्या, ब्रश कसा करायचा ते शिकवू लागल्या. न्यूझीलंडने १९२१ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. थॉमस हंटर यांच्या पुढाकाराने तिथे शालेय दंतपरिचारिका तयार झाल्या. त्या शाळेतल्या छोट्या दवाखान्यात दात भरत आणि काढतही. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात डेंटल हायजिनिस्टची व्याख्या आहे : दंतवैद्य नसलेली, पण दात खरवडून साफ करणारी, घासून चकचकीत करणारी किंवा दातांच्या आरोग्याबद्दल शिकवणारी व्यक्ती.

या योजनांमागचा हेतू चांगला होता. गरीब मुलांना एरवी दंतवैद्य दिसलाच नसता. पण रचना बघा. मूल शाळेत, पालक घरी किंवा कारखान्यात, आणि खुर्चीजवळ वर्गातून एकेकाला बोलावून घेणारी परिचारिका. पालक समोर नसतात, म्हणून त्यांची संमती कागदावर यावी लागते. आणि कागद आला की खुर्चीतल्या मुलाला वेगळं विचारण्याचं कारण उरत नाही. तो त्याच्या वर्गासोबत आलेला असतो.

मग मुलांना काय वाटत होतं हे कसं कळणार? न्यूझीलंडमध्ये एक गंमतीदार आणि जरा अंगावर येणारा पुरावा आहे. मुलांनी शाळेतल्या त्या दवाखान्याला नाव ठेवलं होतं : 'मर्डर हाउस'. खुनाचं घर. हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि देशाच्या बोलीत रुजलं. अहवालांत किती दात भरले याचे आकडे मिळतात. मुलांचं मत मिळतं ते एका टोपणनावात. संशोधक म्हणून तुम्ही फक्त फॉर्म आणि अहवाल वाचलेत तर हे हातातून सुटेल.

सोळा : इंग्लंडने 'दंत' हा शब्द लिहिला तेव्हा

इंग्लंडमध्ये १९६९ च्या कौटुंबिक कायदा सुधारणा अधिनियमाने सज्ञान होण्याचं वय एकवीसवरून अठरावर आणलं. पण त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये आणखी एक गोष्ट केली. सोळा पूर्ण झालेल्या व्यक्तीने शस्त्रक्रिया, वैद्यकीय किंवा दंत उपचाराला दिलेली संमती ही प्रौढाच्या संमतीइतकीच परिणामकारक मानली जाईल, आणि ती असेल तर पालकांची वेगळी संमती लागणार नाही. 'दंत' हा शब्द कलमात स्पष्ट आहे.

म्हणजे कायद्याने पहिल्यांदाच मान्य केलं की मालमत्तेसाठीचं वय आणि स्वतःच्या शरीरासाठीचं वय वेगळं असू शकतं.

त्याच कलमाला शेवटी एक शेपूट होतं : जी संमती हे कलम नसतं तरी चालली असती, ती या कलमामुळे बाद होणार नाही. या ओळीमुळे सोळाखालच्या मुलांचा प्रश्न उघडा राहिला. तो न्यायालयात आला तो दातांमुळे नव्हे, गर्भनिरोधनाच्या सल्ल्यामुळे. अपवादात्मक परिस्थितीत सोळाखालच्या मुलींना पालकांच्या संमतीशिवाय असा सल्ला देता येईल, असं सरकारी आरोग्य खात्याचं परिपत्रक होतं. व्हिक्टोरिया गिलिक या आईने त्याला आव्हान दिलं. खालच्या न्यायालयात त्या हरल्या, अपील न्यायालयात जिंकल्या, आणि १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तीन विरुद्ध दोन अशा निकालाने हरल्या. बहुमताचं म्हणणं असं की मुलाला प्रस्तावित उपचार पुरेसा समजत असेल, तेवढी बुद्धी आणि परिपक्वता असेल, तर ते स्वतः संमती देऊ शकतं.

आता आपल्या शब्दांकडे परत या. लॉर्ड्सनी काय केलं? 'सज्ञान' हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने वाचला. वय किती ते न विचारता कळतं का ते विचारलं. स्कॉटलंडने १९९१ च्या कायद्यात सोळाखालच्यांसाठी हीच कसोटी लिहून टाकली, आणि तिथेही 'दंत' शब्द आहे. आज ब्रिटनमधल्या दंत दवाखान्यात 'गिलिक' हे नाव रोज वापरलं जातं, जरी त्या खटल्यात दाताचा संबंध नव्हता.

पण ही कथा इथेच संपवली तर ती जरा जास्तच गोड होईल. १९९१ आणि १९९२ मध्ये तिथल्याच अपील न्यायालयाने दोन प्रकरणांत ठरवलं की समजूतदार मूल 'हो' म्हणू शकतं, पण त्याचं 'नाही' न्यायालयाला बाजूला सारता येतं. दुसऱ्या प्रकरणातली मुलगी सोळा वर्षांची होती. तेव्हा संमती आणि नकार ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असं समजू नका. कायद्यात त्यांचं वजन वेगवेगळं आहे.

तोंडावरचा हात

नकाराचं काय होतं, याचा दातांच्या क्षेत्रातला एक खास इतिहास आहे. बालदंतचिकित्सेच्या पहिल्या पिढीतल्या अमेरिकन दंतवैद्य इव्हान्जेलिन जॉर्डन यांनी १९२० च्या दशकात एक पद्धत लिहून ठेवली. मूल रडून गोंधळ घालत असेल तर तोंडावर हात किंवा रुमाल धरायचा, शांत आवाजात समजावायचं, आणि ते गप्प झालं की हात काढायचा. पुढे या पद्धतीला नाव मिळालं, ती शिकवली गेली. काही जण नाकही दाबत. मुलाच्या भल्यासाठीच, असं करणाऱ्यांना वाटत होतं. अमेरिकेतल्या बालदंतचिकित्सा अकादमीने ही पद्धत आपल्या मार्गदर्शक सूचनांतून वगळली ती २००६ मध्ये.

सुमारे ऐंशी वर्षं. या काळात पालकांनी 'उपचाराला' सही केलेली असायची. तोंडावर हात ठेवण्याला ती सही लागू होते का, हा प्रश्न बराच काळ कोणी वेगळा काढून विचारला नाही. पुढे विचारला गेला, आणि नुसत्या उपचाराची परवानगी पुरेशी नाही, कोणत्या पद्धतीने मुलाला आवरणार हेही सांगायला हवं, असा आग्रह वाढला. १९८९ च्या बालहक्क संहितेतलं मुलाचं मत ऐकून घेण्याचं कलम (योगायोगाने तेही बारावंच) याच काळातलं. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

तुमच्या कामासाठी याचा उपयोग काय?

मला या तीन आकड्यांतून एकच गोष्ट सांगायची आहे. संमतीचा कोणताही कागद समोर आला, मग तो कायदा असो, निकाल असो किंवा शाळेतला फॉर्म, की आधी विचारा : हा कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय? 'उपचार करणाऱ्याला दोष लागू नये' याचं, 'मुलाची मालमत्ता बुडू नये' याचं, की 'मुलाला विचारलं का' याचं? पहिल्या दोन प्रश्नांचे कागद भरपूर सापडतात. तिसऱ्याचे फार थोडे. पालकांच्या सह्यांचा गठ्ठा सापडला म्हणून 'मुलांची संमती होती' असं प्रबंधात लिहू नका. 'पालकांची संमती नोंदवली होती' एवढंच तो गठ्ठा सिद्ध करतो.

दुसरं, खटल्याचं नाव आणि त्याचा उपयोग यांत अंतर असू शकतं. गर्भनिरोधनाचा निकाल दातांना लागतो, सावकाराचा निकाल दवाखान्यात पोहोचतो. मूळ निकाल वाचल्याशिवाय हा प्रवास कळत नाही.

तिसरं, उद्या तुम्ही स्वतः शाळेत जाऊन मुलांची पाहणी करणार असाल. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात पालकांची संमती तर लागतेच, शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची अनुमतीही लागते; बारापर्यंत तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. बारा आणि अठरा इथे पुन्हा भेटतात, पण या वेळी प्रश्न मुलालाच विचारलेला आहे. तेव्हा नैतिकता समितीसाठी अर्ज भरताना अनुमतीचं पत्रक 'पालकांच्या पत्रकाची छोटी आवृत्ती' म्हणून उरकू नका. सातवीतल्या मुलाला कळेल अशा मराठीत लिहा. काय करणार, दुखेल का, किती वेळ लागेल, आणि 'नको' म्हटलं तर काय होईल, ते सांगा. मग एखाद्या मुलाने 'नको' म्हटलं, तर तो नमुना वगळा आणि किती जणांनी नाही म्हटलं तेही प्रबंधात नोंदवा. तुमच्यानंतर या विषयावर काम करणाऱ्याला तो आकडा लागेल. ब्रिजपोर्टच्या शाळांसाठी आज आपल्याला तोच हवा होता.